हायफनला ॲक्सेंट नसतो!

तुमचा सीव्ही उघडा. हो, आत्ताच. मोबाइलमध्ये पीडीएफ असेलच. त्यात 'सिक्स मंथ्स इंटर्नशिप', 'फायनल इयर स्टुडंट', 'हँड्स ऑन एक्स्पीरियन्स', 'टीम बेस्ड प्रोजेक्ट' यापैकी एखादी ओळ सापडते का बघा. सापडली? आता त्या शब्दांच्या मधे काय आहे ते नीट बघा. नुसती मोकळी जागा आहे की छोटीशी आडवी रेघ?

मोकळी जागा असेल तर घाबरू नका, तुम्ही एकटे नाही. आणि 'एवढ्याशा रेघेनं काय होतंय?' असं मनात आलं असेल तर तेही साहजिक आहे. शाळेत आपल्याकडून टेन्स पाठ करून घेतले, ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करून घेतलं, 'नो सूनर... दॅन' घोकून घेतलं. हायफन मात्र विरामचिन्हांच्या यादीत शेवटी कुठेतरी होता. कॉमा, फुलस्टॉप झाले की तास संपायचा आणि तो तसाच राहून जायचा.

तरी माझं म्हणणं आहे की ही रेघ शिकून घ्या. आणि ज्यांना इंग्रजीची धास्ती वाटते, ज्यांचं शिक्षण मराठी माध्यमात झालंय, त्यांनी तर सगळ्यात आधी शिकून घ्या. का, ते सांगतो.

कांदे पोहे आणि कांदेपोहे

सुरुवात इंग्रजीपासून नको, आपल्या घरापासून करू. 'कांदे, पोहे' असे सुटे शब्द लिहिले तर ती वाण्याची यादी. तेच जोडून 'कांदेपोहे' लिहिलं की नाश्त्याची बशी. आणि घरात कुणी लग्नाच्या वयाचं असेल तर आख्खा कार्यक्रम! कुणी 'चहा, पाणी' मागितलं तर तो पाहुणा. 'चहापाणी' मागितलं तर समजायचं, फाइल अडलीये. शब्द तेच आहेत, पण जोडले की अर्थ बदलला.

ह्याला समास म्हणतात आणि तो आपण शाळेत विग्रहासकट शिकलोय. पोळपाट म्हणजे पोळी करण्यासाठी पाट. तोंडपाठ म्हणजे तोंडाने पाठ. मराठी हे काम बहुतेक वेळा शब्द सरळ चिकटवून करते. 'आई-वडील', 'दोन-चार' अशा ठिकाणी मधे संयोगचिन्ह देते. संयोगचिन्ह म्हणजेच हायफन. त्याचं मूळ ग्रीक आहे आणि तिथेही अर्थ साधारण 'एकत्र', 'एकाखाली' असाच आहे. प्राचीन ग्रीक लेखक दोन शब्द एकत्र वाचायचे आहेत हे दाखवायला त्यांच्या खाली एक कमान काढत. काम तेव्हाही तेच होतं आणि आजही तेच आहे: हे दोघं एकमेकांचे आहेत, त्यांना वेगळं वाचू नका.

इंग्रजीची गंमत अशी की तिथे जोडशब्द तीन वेषांत फिरतात. 'नोटबुक' चिकटून लिहितात, 'आइस क्रीम' सुटं लिहितात आणि 'मदर-इन-लॉ' रेघा देऊन लिहितात. कोणता शब्द कोणत्या वेषात, हे पुष्कळदा डिक्शनरी उघडूनच कळतं. पण आपल्याला रोज लागणारा जो प्रकार आहे, तो पाठ करावा लागत नाही. तो समजून घेता येतो.

ताटात कोण आहे?

'मॅन ईटिंग फिश' हे तीन शब्द घ्या. रेघ नसेल तर मालवणच्या खानावळीत सुरमईची थाळी पुढ्यात घेऊन बसलेला माणूस. पहिल्या दोन शब्दांत रेघ आली, 'मॅन-ईटिंग फिश' झालं, की तो माणूसच ताटात! म्हणजे माणसाला खाणारा मासा.

'स्मॉल बिझनेस ओनर' म्हणजे लहान कोण? व्यवसाय लहान की मालक बुटका? 'स्मॉल-बिझनेस ओनर' लिहिलं की मालकाची उंची वाचते. 'ट्वेंटी-ऑड स्टुडंट्स' आले म्हणजे वीसेक विद्यार्थी आले. रेघ काढली की वीस विक्षिप्त विद्यार्थी आले. (काही वर्गांत दोन्ही खरं असू शकतं, ते सोडा.)

आता जरा गंभीर उदाहरण. समजा, रस्ता रुंद करायचाय आणि काही वडाची झाडं तोडायची आहेत. इंग्रजीत नोटीस लिहायची आहे. 'थ्री-हंड्रेड-इयर-ओल्ड ट्रीज' लिहिलं तर ती तीनशे वर्षं जुनी झाडं. 'थ्री हंड्रेड-इयर-ओल्ड ट्रीज' लिहिलं तर शंभर वर्षं जुनी तीन झाडं. आणि 'थ्री हंड्रेड इयर-ओल्ड ट्रीज' लिहिलं तर एकेक वर्षाची तीनशे रोपं. शब्द सगळीकडे तेच. रेघ कुठे आहे त्यावर झाडांचं वय आणि संख्या दोन्ही बदलली. हरकत नोंदवायला गेलेल्या माणसाला ह्या फरकाची किंमत कळेल.

खेळाच्या बातम्या वाचता ना? एखाद्या क्लबनं खेळाडूशी पुन्हा करार केला तर इंग्रजीत तो 'री-साइन' करतो. मधली रेघ गेली की तेच स्पेलिंग 'रिझाइन' वाचलं जातं, म्हणजे राजीनामा! एका रेघेच्या अलीकडे तो राहिला, पलीकडे तो गेला. तसंच 'को-ऑप'चं. आपल्या सोसायटीच्या पाटीवरचं 'को-ऑप' रेघ काढून लिहिलं तर तीच चार अक्षरं 'कूप' वाचली जातात, आणि कूप म्हणजे कोंबड्यांचं खुराडं. मुंबई-पुण्यातल्या काही वन-आरके फ्लॅटकडे बघून हे चुकीचं वाटणार नाही, पण तो वेगळा विषय.

अर्थात, दर वेळी असा गोंधळ होतोच असं नाही. 'फायनल इयर स्टुडंट' वाचून कुणीही 'शेवटचा वर्ष-विद्यार्थी' असा अर्थ काढत नाही. पण वाचणाऱ्याला क्षणभर अडखळायला होतं. एका ओळीत एक अडखळ म्हणजे काही नाही. पण पानभर तशा दहा अडखळी आल्या, आणि वाचणारीसमोर तुमच्यासारखे शेकडो अर्ज असले, तर ती काय करेल? तिला तुमचा राग येणार नाही. ती फक्त पुढच्या अर्जावर जाईल.

कानानं न शिकता येणारी गोष्ट

आता मुद्द्यावर येऊ. आपल्याकडे 'इंग्रजी चांगलं आहे' ह्याचा अर्थ काय घेतात? फाडफाड बोलतो, ॲक्सेंट भारी आहे. ग्रुप डिस्कशनमध्ये एखादा इंग्लिश मीडियमवाला तोंड उघडतो आणि तालुक्याच्या गावाहून आलेल्या मुलाला वाटतं, संपलं आपलं. हा न्यूनगंड खरा आहे. त्यावर 'कॉन्फिडन्स ठेव' एवढाच सल्ला देणाऱ्यांनी तो कधी अनुभवलेला नसतो.

पण बघा, ॲक्सेंट ही बऱ्याच अंशी घरात, शाळेत, मित्रांत आपोआप मिळणारी गोष्ट आहे. ज्याला मिळाली त्याला मिळाली. नंतर कमवायची तर वर्षं लागतात. हायफनचं तसं नाही. तो उच्चारात ऐकू येत नाही. बोलताना इंग्रजी माणूस कुठल्या शब्दावर जोर देतो, कुठे थांबतो, त्यावरून अर्थ कळतो. ते सगळं कागदावर दाखवायचं काम ही रेघ करते. म्हणजे लहानपणापासून इंग्रजी ऐकलेल्यालाही हायफन फुकट मिळत नाही. तो डोळ्यांनी आणि डोक्यानंच शिकावा लागतो. तिथे तुम्ही आणि तो एकाच रेषेवर उभे आहात.

उलट तुम्ही अर्धं पाऊल पुढेच आहात. ज्यानं समासाचा विग्रह केलाय त्याच्या हातात हायफनची किल्ली आधीच आहे. 'मॅन-ईटिंग' म्हणजे माणसाला खाणारा. 'शुगर-फ्री' म्हणजे साखरेविना. 'हँडमेड' म्हणजे हाताने केलेलं. हा विग्रह करता आला की कोणते दोन शब्द एका गाठीत आहेत ते दिसतं. मराठीचा तो तास, जो आपल्याला कंटाळवाणा वाटायचा, इंग्रजीत असा कामाला येतो.

आणि नोकरीच्या वाटेवर बघा. मुलाखतीत तुमचा आवाज पोचण्याआधी तुमचं लिहिलेलं पोचतं. कव्हर लेटर, ईमेल, परदेशी विद्यापीठासाठीचं स्टेटमेंट ऑफ पर्पज, लिंक्डइनवरची ओळख. तिथे तुमचा ॲक्सेंट कुणालाच ऐकू येत नाही.

पाच गोष्टी, एक दुपार

एवढं सगळं ऐकून 'बरं, मग नियम सांग' म्हणाल. सांगतो. नेहमीच्या लिखाणासाठी पाच गोष्टी पुरतात.

पहिली. नामाच्या आधी दोन शब्द मिळून एकच विशेषण होत असतील तर त्यांच्यामध्ये रेघ द्या. 'फुल-टाइम जॉब' घ्या. 'फुल जॉब' म्हणता येईल? नाही. 'टाइम जॉब'? तेही नाही. दोघं मिळूनच अर्थ होतो, म्हणून गाठ मारायची. पण हीच जोडी नामानंतर आली तर गाठ बहुतेक वेळा सुटते. 'अ वेल-नोन रायटर' ह्यात रेघ, पण 'द रायटर इज वेल नोन' ह्यात नाही. कारण तिथे पुढे नामच नाही, वाचणारा चुकणार कुठे?

दुसरी. आकडा आणि एकक. 'टेन-इयर-ओल्ड बॉय', 'फाइव्ह-किलोमीटर रन', 'सिक्स-मंथ इंटर्नशिप'. इथे आपली दुहेरी चूक होते. रेघ तर राहतेच, शिवाय 'मंथ्स' असं अनेकवचन घुसतं. विशेषणात एकवचन ठेवायचं. मुलगा 'टेन इयर्स ओल्ड' असतो, पण तो 'टेन-इयर-ओल्ड बॉय' असतो. तुमच्या सीव्हीत दुरुस्त करायची पहिली ओळ बहुधा हीच असेल. जाता जाता: ट्वेंटी-वनपासून नाइन्टी-नाइनपर्यंतचे जोडआकडे अक्षरांत लिहिताना रेघ लागते. चेक लिहिताना आठवेल.

तिसरी. 'ली'नं संपणाऱ्या क्रियाविशेषणापुढे रेघ नको. 'हायली क्वालिफाइड टीचर', 'न्यूली बिल्ट हॉस्टेल'. तो 'ली' स्वतःच सांगतो की मी पुढच्या शब्दाला चिकटलोय, मग आणखी दोरी कशाला? पण 'फॅमिली'सारखं नाम शेवटी 'ली' दिसतं म्हणून फसू नका. 'फॅमिली-ओन्ड बिझनेस' मध्ये रेघ हवीच.

चौथी. क्रियापद सुटं, नाम जोडलेलं. 'आय विल फॉलो अप टुमॉरो' ह्यात फॉलो अप हे क्रियापद, रेघ नाही. 'धिस इज अ फॉलो-अप' ह्यात ते नाम, रेघ आहे. 'चेक इन' आणि 'चेक-इन'चं तसंच. ऑफिसच्या ईमेलमध्ये हे दिवसातून दहा वेळा लागतं.

पाचवी थोडी गमतीची, पण कॉलेजच्या नोटीस बोर्डासाठी अगदी बरोब्बर. 'सेकंड- अँड थर्ड-इयर स्टुडंट्स'. पहिल्या शब्दापुढे लोंबकळणारी ती रेघ चुकून राहिलेली नाही. 'इयर' हा शब्द पुढे येतोय, जरा थांब, असं ती सांगते. मराठीत आपण 'दुसऱ्या- आणि तिसऱ्या' असं लिहीत नाही, म्हणून ती विचित्र दिसते. बिल्डरच्या जाहिरातीतले 'टू- अँड थ्री-बेडरूम फ्लॅट्स' ह्याच जातीचे.

आणि हे सगळं करताना रेघेच्या दोन्ही बाजूंना जागा सोडू नका. 'फुल - टाइम' असं फटी ठेवून लिहिलं की तो हायफन राहत नाही, डॅशसारखा दिसतो. डॅश वाक्य तोडतो, हायफन शब्द जोडतो. नेमकी उलटी कामं!

ज्यांची परदेशी शिक्षणाची तयारी चालू आहे त्यांच्यासाठी एक जास्तीची गोष्ट. आयईएलटीएसच्या लिसनिंग आणि रीडिंगमध्ये 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' अशी अट असते, तेव्हा हायफननं जोडलेला शब्द एकच धरला जातो. रेघ द्यायची विसरलात तर एका शब्दाचे दोन होतात आणि मर्यादा ओलांडली जाऊ शकते. तिथे ही रेघ थेट मार्कांत मोजली जाते.

'वेल-कम'चं काय करायचं?

हायफन कमी पडतो तसा जास्तही होतो. लग्नाच्या मांडवाची कमान असो, गॅदरिंगचा स्टेज असो की दारातली रांगोळी, आपल्याकडे 'वेल-कम' असं मधे रेघ देऊन लिहिलेलं हमखास दिसतं. 'थँक-यू', 'गुड-मॉर्निंग', 'बेस्ट-ऑफ-लक' हेही. इथे विग्रह करून बघा. 'वेलकम' हा पूर्ण एकच शब्द आहे, त्याला जोडणार कशाला? 'गुड मॉर्निंग'मध्ये 'गुड' हे साधं विशेषण आपलं काम एकट्यानं करतंय. सगळीकडे गाठी मारल्या तर कोणती गाठ खरी, ते वाचणाऱ्याला कसं कळणार?

पण ही उदाहरणं घेऊन कुणाला हसू नका. कारण खुद्द इंग्रजांचंही ह्या बाबतीत ठरत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इंग्रजीत 'टु-डे' आणि 'टु-मॉरो' असं रेघ देऊन लिहिलेलं सर्रास सापडतं. २००७ मध्ये शॉर्टर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची सहावी आवृत्ती आली, तेव्हा तिच्यातून सुमारे १६,००० शब्दांतले हायफन काढून टाकले होते. 'आइस-क्रीम' सुटं झालं, 'क्राय-बेबी' आणि 'बंबल-बी' चिकटून एक झाले. संपादकांचं निरीक्षण काय होतं माहितीये? लोकांना हायफन कशासाठी असतो हेच नीट कळत नाही आणि तो वापरायचा आत्मविश्वास त्यांच्यात उरलेला नाही. कोणत्या लोकांना? ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांना! मग आपण एकट्यानंच का लाजायचं?

२०११ मध्ये असोसिएटेड प्रेस ह्या वृत्तसंस्थेच्या स्टाइलबुकनं 'ई-मेल'मधली रेघ काढली. २०१९ मध्ये त्यांनी 'फर्स्ट-क्वार्टर टचडाऊन'सारख्या ठिकाणीही हायफन नको म्हणून सांगितलं, तेव्हा एवढा आरडाओरडा झाला की त्यांना माघार घ्यावी लागली. शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइलमध्ये नुसत्या हायफनसाठी कित्येक पानांचा तक्ता दिलाय.

आपल्याकडचंच बघा. आपला सहकार कायदा आहे 'महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह सोसायटीज ॲक्ट, १९६०', त्यात रेघ आहे. केंद्रात २०२१ मध्ये सहकार मंत्रालय झालं, त्याच्या इंग्रजी नावात 'कोऑपरेशन' हा शब्द रेघेशिवाय आहे. कोण चुकलं? कुणीच नाही. दोन्ही रूपं चालतात. अशा वेळी एक रूप निवडायचं आणि संपूर्ण मजकुरात तेच ठेवायचं. एका पानावर 'को-ऑपरेटिव्ह' आणि दुसऱ्यावर 'कोऑपरेटिव्ह', हे मात्र टाळायचं. कायद्याचं किंवा संस्थेचं नाव लिहिताना ते नाव जसं आहे तसंच लिहायचं.

म्हणजे नियम पाळायचेत, पण त्यांचा बाऊ करायचा नाही. प्रत्येक वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: रेघ नसेल तर वाचणारा अडखळेल का?

रेघेवरून देशही भांडले

तुम्हाला अजूनही ही रेघ किरकोळ वाटत असेल तर जरा मध्य युरोपात चला. १९८९ मध्ये चेकोस्लोव्हाकियातली कम्युनिस्ट राजवट कोसळली. देशाच्या नावातला 'समाजवादी' हा शब्द काढायचं ठरलं, आणि वाद पेटला तो भलत्याच गोष्टीवर. स्लोव्हाक लोकांचं म्हणणं, नाव 'चेको-स्लोव्हाकिया' असं रेघ देऊन लिहा, म्हणजे आम्ही वेगळे आणि बरोबरीचे आहोत हे दिसेल. चेक लोकांना ती रेघ नको होती, कारण १९३८-३९ च्या पडझडीच्या काळात नाव तसंच लिहिलं जायचं. मार्च १९९० मध्ये तडजोड म्हणून असं ठरलं की चेक भाषेत रेघ नसेल आणि स्लोव्हाक भाषेत असेल. तेही टिकलं नाही. महिनाभरात देशाचं नाव 'चेक आणि स्लोव्हाक संघराज्य' करावं लागलं. इंग्रजीत ह्या वादाला 'हायफन वॉर' म्हणतात. १ जानेवारी १९९३ ला त्या देशाचे दोन देश झाले. ते एका रेघेमुळे झाले असं मुळीच नाही. पण कोण कुणाशी जोडलेलं आहे आणि कसं, हा खरा प्रश्न त्या रेघेत दिसत होता.

अमेरिकेत थिओडोर रूझवेल्ट यांनी १९१५ मध्ये एका भाषणात 'हायफनवाल्या' अमेरिकनांवर टीका केली होती. 'आयरिश-अमेरिकन', 'जर्मन-अमेरिकन' असं म्हणवून घेणाऱ्यांची निष्ठा विभागलेली असते, असा त्यांचा सूर होता. शंभरेक वर्षांनी, २०१९ मध्ये, असोसिएटेड प्रेसनं 'आफ्रिकन अमेरिकन', 'एशियन अमेरिकन' ह्यांतली रेघ काढली. ती रेघ माणसाला अर्धामुर्धा ठरवते, असा आक्षेप होता. न्यू जर्सीत राहणारी तुमची चुलतबहीण स्वतःला 'इंडियन अमेरिकन' लिहिताना मधे रेघ देते की नाही, ह्याच्या मागे एवढा इतिहास आहे.

आणि स्पर्धा परीक्षा करणाऱ्यांना 'डी-हायफनेशन' हा शब्द माहीत असेलच. जुलै २०१७ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी इस्रायलला गेले, भारतीय पंतप्रधानाची ती पहिलीच इस्रायलभेट होती. त्या दौऱ्यात ते पॅलेस्टाइनला गेले नाहीत. तिथे ते फेब्रुवारी २०१८ मध्ये स्वतंत्रपणे गेले. दोघांशी संबंध ठेवायचे, पण एकमेकांना बांधून नाही, ह्या धोरणाला अभ्यासकांनी नाव दिलं ते ह्याच रेघेवरून. विद्यार्थी ती नोट पाठ करतात. पण हायफन म्हणजे 'बांधून ठेवणं' हे कळलं की पाठ करावी लागत नाही.

एक खबरदारी मात्र घ्या. 'एका हायफनमुळे नासाचं यान कोसळलं' अशी गोष्ट अधूनमधून फिरते. १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेलं मरिनर १ हे यान उड्डाणानंतर पाच मिनिटांच्या आत नष्ट करावं लागलं, हे खरं. पण जी रेघ राहिली म्हणतात ती शब्दांमधली नव्हती, गणितातल्या एका चिन्हाच्या डोक्यावरची होती. हायफनची किंमत पटवायला यान पाडायची गरज नाही. तुमचा अर्ज पुरेसा आहे.

'एआय करून देईल की!'

हा प्रश्न येणारच होता. स्पेलचेक आहे, ग्रामर तपासणारी ॲप आहेत, एआय आहे. मग डोकं कशाला शिणवायचं?

वापरा ना, जरूर वापरा. पण 'स्मॉल बिझनेस ओनर' हे रेघेशिवायही व्याकरणात बसतं आणि रेघेसकटही. 'री-साइन' आणि 'रिझाइन' दोन्ही खरेखुरे शब्द आहेत. झाडं तीन आहेत की तीनशे, हे यंत्र फार तर आजूबाजूच्या वाक्यांवरून ताडू शकतं. तुम्ही प्रत्यक्ष मोजून आलात, ते तुम्हालाच माहीत. काय म्हणायचं होतं हे ज्याला माहीत आहे त्यानंच शेवटी गाठ मारायची असते. ते काम दुसऱ्यावर सोपवलं तर तुमच्या वाक्याचा अर्थ दुसरा कुणीतरी ठरवतोय, एवढं लक्षात ठेवा.

शिवाय परीक्षेच्या हॉलमध्ये, मुलाखतीआधी हातानं फॉर्म भरताना ॲप नसतं. पेन असतं आणि तुम्ही असता.

शेवटी एक विनंती. हे पाच नियम हातात आले की ग्रुपवर दुसऱ्याच्या चुका काढायचा मोह होईल. तो आवरा. आपल्याकडे इंग्रजीचा धाक आधीच एवढा आहे की त्यात आणखी एका ग्रामर पोलिसाची भर नको. एखाद्या मैत्रिणीच्या सीव्हीत 'टू मंथ्स इंटर्नशिप' दिसली तर स्क्रीनशॉट काढू नका. तिच्या शेजारी बसा, रेघ कुठे आणि का, ते सांगा, 'मंथ्स'मधला 'स' काढायला लावा. पाच मिनिटं लागतील. पुढच्या वेळी ती आणखी कुणालातरी सांगेल.